नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही

विंडोज नव्यानं टाकून झालं की पहिल्यांदा उघडणारा डेस्कटॉप मोठा फसवा असतो. निळं चित्र, कोपऱ्यात एकटी रिसायकल बिन, सगळं कसं धुतल्यासारखं. मग एकेक उणीव लक्षात येऊ लागते. अक्षरं जाडीभरडी दिसतात. ब्राइटनेसची पट्टीच गायब असते. टचपॅडवर बोट घासलं तरी बाण जागचा हलत नाही. उजव्या कोपऱ्यात वायफायच्या खुणेऐवजी पृथ्वीचा बारीक गोळा असतो आणि त्यावर बंदीचं चिन्ह. "भाऊ, वायफाय दाखवूनच नाही राह्यलं," असं म्हणत लॅपटॉप तालुक्याच्या दुकानात येतो तो बहुधा ह्याच मुक्कामावर. कालपर्यंत सगळं चालू होतं, मधे फक्त फॉरमॅट मारला, तेव्हा कोणीतरी काहीतरी बिघडवून ठेवलं अशी मालकाची खात्री झालेली असते.

तसं बिघडलेलं काही नसतं. यंत्रात कोणकोणते भाग बसलेत हे विंडोजला दिसत असतं, त्यातल्या काहींशी बोलायचं कसं हे तेवढं ठाऊक नसतं. ते शिकवणारं छोटं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. मायक्रोसॉफ्टनं त्यासाठी मांडलेला हिशेब सरळ आहे: विंडोज बसेल, नेटला जोडलं जाईल आणि राहिलेले ड्रायव्हर अपडेटमधून आपले आपण उतरवून घेईल. नागपूर-अमरावतीत हा हिशेब बरेचदा जुळतोही. पण वायफायचाच ड्रायव्हर नसला तर नेट कुठून येणार, आणि नेट नसलं तर वायफायचा ड्रायव्हर कुठून? आताच्या पातळ लॅपटॉपांना लॅनची केबल लावायला जागाही नसते. धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात किंवा एटापल्ली-भामरागडकडे, जिथं रेंज मिळणं घराच्या कोणत्या कोपऱ्यात उभं राहिलो यावर अवलंबून, तिथं हा पेच आणखी घट्ट बसतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खेड्यात ड्रायव्हरचं काम फॉरमॅटच्या आधी करायचं असतं. नंतर उरते ती हमाली.

जुनं विंडोज अजून सुरू होत असेल तर त्याच्याच पोटातून सगळे ड्रायव्हर काढून घेता येतात, आणि त्याला नेट लागत नाही. पेनड्राइव्हवर एक रिकामं फोल्डर करायचं. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडायचा. तिथं पीएनपीयूटिल (हे विंडोजचंच हत्यार), स्लॅश एक्स्पोर्ट-ड्रायव्हर, मग चांदणी (*) आणि शेवटी त्या फोल्डरचा पत्ता, असं लिहून एंटर दाबायचं. (इथं देवनागरीत सांगतोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं, आणि प्रत्येक तुकड्यामध्ये एक जागा सोडायची.) बाहेरून येऊन बसलेले सगळे ड्रायव्हर आपापल्या फोल्डरांसकट तिथं उतरतात. विंडोजचे स्वतःचे ड्रायव्हर त्यात येत नाहीत, पण ते नव्या विंडोजबरोबर येतातच. फॉरमॅटनंतर हीच कमांड उलटी चालवायची: पीएनपीयूटिल, स्लॅश अ‍ॅड-ड्रायव्हर, फोल्डरच्या पत्त्याला जोडून चांदणी-डॉट-आयएनएफ, मग स्लॅश सबडिर्स, स्लॅश इन्स्टॉल. लॅपटॉप एकदा रिस्टार्ट केला की डिव्हाइस मॅनेजरमधले, म्हणजे भागांच्या यादीतले, ड्रायव्हर नसल्याचे बहुतेक पिवळे त्रिकोण गेलेले असतात. एक मर्यादा ध्यानात ठेवावी. जुनं विंडोज ३२ बिटचं असेल आणि नवं ६४ बिटचं, तर ह्या फोल्डराचा उपयोग शून्य. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं.

जुनं विंडोज सुरूच होत नसेल तरी डिस्क वाचता येत असेल तर आशा असते. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कवर काही न बसवता तो तसाच चालतो) लॅपटॉप सुरू करून विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हरस्टोअर असं आत जायचं आणि फाइलरिपॉझिटरी नावाचं फोल्डर अख्खं उचलायचं. हे चांगलंच मोठं असतं, कारण विंडोजचे स्वतःचे ड्रायव्हरही त्यातच असतात. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर मात्र आत जाता येत नाही. त्याची ४८ आकडी किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं कोणत्या ईमेलवर उघडलं होतं हे मालकाच्या पोराला विचारावं लागतं.

काहीच हाताशी नसेल तर लॅपटॉप उलटा करायचा. पोटावरच्या स्टिकरची छपाई मांडीवर, टेबलावर, पोत्यावर घासून पुसट झालेली असते. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आडवा मारला की वाचता येते. मॉडेलचं ढोबळ नाव कामाचं नाही. इन्स्पिरॉन १५ किंवा पॅव्हिलियन १५ ह्या नावाखाली वर्षानुवर्षं वेगवेगळी यंत्रं निघाली. डेलचा सात अक्षर-आकड्यांचा सर्व्हिस टॅग हवा. एचपीचा प्रॉडक्ट नंबर हवा; भारतात विकलेल्या बहुतेक एचपीवर त्याच्या शेवटी हॅश आणि एसीजे असतं. लेनोव्होवर एमटीएम शोधायचा, एसरवर एसएनआयडी. स्टिकरच गेलं असेल तर हीच माहिती बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, पहिल्या पानावर मिळते. डेलमध्ये सुरू होताना एफ२ आणि एचपीमध्ये एफ१० दाबलं की ते पान उघडतं.

हा नंबर कंपनीच्या सपोर्ट पानावर टाकला की यादी येते, आणि इथं नवखा माणूस पहिली ठेच खातो. एकाच मॉडेलसाठी वायफायचे तीन-चार ड्रायव्हर असतात: एक इंटेलचा, एक रियलटेकचा, एक मीडियाटेकचा. कारखान्यात ज्या खेपेला जे कार्ड हाताशी होतं ते बसवलेलं असतं. त्यातला एकच आपल्या कामाचा. नेट चांगलं असेल तर चारही उतरवून ठेवावेत, वायफायचे ड्रायव्हर तसे लहान असतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर काम असेल तर आधी वायफाय, चिपसेट (बोर्डवरचे भाग एकमेकांना जोडणारी चिप), टचपॅड आणि आवाज हे घ्यावेत. ग्राफिक्सची फाइल पाचशे एमबीच्या पुढे सहज जाते, एनव्हिडियाची त्याहून मोठी; ती पॅक रात्री बारानंतर नव्यानं सुरू झाला की लावून द्यावी. आणि उतरवतानाच नाव बदलावं. एचपीच्या फाइली नुसत्या एसपी आणि पुढे पाच-सहा आकडे अशा नावानं येतात. दोन दिवसांनी पेनड्राइव्हमध्ये अशा नऊ फाइली दिसल्या की आवाजाची कोणती नि टचपॅडची कोणती हे देवही सांगू शकत नाही.

पेनड्राइव्ह विंडोजसाठी निदान ८ जीबीचा सांगतात. ड्रायव्हर सोबत ठेवायचे तर १६ किंवा ३२ चा घ्यावा. आणखी तीन वस्तू जवळ असाव्यात: तारेचा साधा माउस, चार तोंडांचा यूएसबी हब आणि फोनची डेटा केबल. हब कशाला, असं वाटेल. पातळ लॅपटॉपला दोनच यूएसबी असतात. एकात पेनड्राइव्ह, एकात माउस, मग फोन कुठं लावणार? केबलचीही तीच गत. बाजाराच्या दिवशी गाडीवर मिळणाऱ्या स्वस्त केबलीत कित्येकदा चार्जिंगच्याच तारा असतात. फोन चार्ज होतो, पण लॅपटॉपला तो दिसतच नाही.

आता प्रत्यक्ष काम. अकराव्या पिढीच्या इंटेलपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपांत विंडोज टाकायला घेतलं की 'कुठं बसवायचं?' ह्या पडद्यावर डिस्कची यादी कोरीच येते. इथं अनेक जण एसएसडी उडाली असं समजतात, आणि काही ठिकाणी नवी एसएसडी गळ्यात मारलीही जाते. एसएसडी धडधाकट असते. तिच्या आणि विंडोजच्या मधे इंटेलचं व्हीएमडी नावाचं नियंत्रण बसलेलं असतं, आणि ह्या पडद्यावर त्याचा ड्रायव्हर नसतो. इंटेल रॅपिड स्टोरेजची फाइल आधी उकलून पेनड्राइव्हवर ठेवावी लागते. ती ईएक्सई इथं चालत नाही. 'लोड ड्रायव्हर' दाबून तिच्या आतलं आयएनएफवालं, व्हीएमडी नावाचं फोल्डर दाखवायचं. डिस्क लगेच हजर होते. बायोसमधून व्हीएमडी बंद करणं हा दुसरा मार्ग. काही एसरमध्ये तो पर्याय लपवलेला असतो आणि बायोसच्या मेन पानावर कंट्रोल-एस दाबल्यावर उघडा पडतो. पण बंद करायचं ते विंडोज टाकायच्या आधीच. विंडोज बसल्यावर ही कळ फिरवली की निळा पडदा येतो आणि लॅपटॉप पुढे सरकतच नाही.

पुढचा अडथळा विंडोज ११ च्या सेटअपचा. भाषा, कीबोर्ड झाल्यावर ते नेट मागतं आणि नेटशिवाय 'नेक्स्ट'चं बटण जिवंत होत नाही. विंडोजचा पेनड्राइव्ह रूफस नावाच्या सॉफ्टवेअरनं बनवताना ही अट काढून टाकायची खूण करता येते, तेच सर्वांत सोपं. ती राहून गेली असेल तर नव्या आवृत्त्यांत त्याच पडद्यावर ड्रायव्हर बसवायचं बटण असतं. वायफायचं फोल्डर दाखवलं की आसपासची नेटवर्कं दिसू लागतात. बटण नसलं तर शिफ्ट आणि एफ१०, काही लॅपटॉपांवर त्यासोबत एफएनही, दाबून काळी खिडकी उघडायची आणि पीएनपीयूटिलची मघाचीच कमांड तिथून चालवायची. नेट चुकवायच्या आडवाटा मायक्रोसॉफ्ट नव्या आवृत्त्यांत एकेक करून बुजवत आहे. ड्रायव्हर खिशात असणं हीच खरी वाट.

आणि तोही नसला, तर फोन. अँड्रॉइड फोन डेटा केबलनं जोडायचा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करायचं. विंडोजला तो फोन लॅनच्या केबलसारखा दिसतो, आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. वायफायचा हॉटस्पॉट इथं उपयोगाचा नाही, कारण तो पकडायला लॅपटॉपचं वायफाय आधी चालू हवं. फोन मात्र शेजारच्या ग्रामपंचायतीचं वायफाय पकडून ते केबलमधून लॅपटॉपला देऊ शकतो. आयफोनची गोष्ट वेगळी, त्याला अ‍ॅपलचा स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. नेट आल्या आल्या सेटिंगमध्ये त्या जोडणीवर 'मीटर्ड'ची (मोजून वापरायच्या नेटची) खूण करावी, नाहीतर विंडोजचे मोठाले अपडेट दिवसाचा पॅक चहा होईस्तोवर पिऊन टाकतात. पण मीटर्ड केल्यावर ड्रायव्हरही थांबतात! ब्लूटूथ आणि डिव्हाइसेसच्या पानावर, डिव्हाइसेसच्या आत, मीटर्ड जोडणीवरून ड्रायव्हर उतरवू द्यायची वेगळी कळ आहे, ती चालू करायची. मग विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' उघडून हवे तेवढेच ड्रायव्हर निवडायचे. ह्या पानाकडे फारसं कोणी जात नाही, आणि अर्ध्याअधिक अडलेल्या कामांचं उत्तर तिथंच पडलेलं असतं.

डिव्हाइस मॅनेजर वाचता आला पाहिजे. स्टार्टवर उजवी क्लिक केली की त्याचं नाव दिसतं. पिवळ्या त्रिकोणांची नावं परकी वाटतात, पण प्रत्येकाचा अर्थ ठरलेला आहे. 'नेटवर्क कंट्रोलर' म्हणजे वायफाय. 'एसएम बस कंट्रोलर' म्हणजे चिपसेट. 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' म्हणजे इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन. लोक त्याला मोडेम समजून भलतंच शोधत बसतात. 'पीसीआय डेटा अ‍ॅक्विझिशन अँड सिग्नल प्रोसेसिंग कंट्रोलर' ह्या लांबलचक नावामागे इंटेलचं तापमान सांभाळणारं यंत्र असतं. आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसेल तर त्रिकोण येतच नाही. तिथं निमूट 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' लिहिलेलं असतं, म्हणून तो हमखास नजरेतून सुटतो. ब्राइटनेस कमी-जास्त होत नसेल तर आधी तिथं बघावं.

नुसतं 'अननोन डिव्हाइस' लिहिलं असेल तर त्यावर दोनदा क्लिक करून डिटेल्सच्या पानावर 'हार्डवेअर आयडीज' निवडायचं. तिथं व्हीईएन नंतरची चार अक्षरं बनवणाऱ्याची आणि डीईव्ही नंतरची चार त्या भागाची. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रियलटेक, १४सी३ मीडियाटेक, १६८सी क्वालकॉम-अथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी. (इंटेलनं १९७८ साली काढलेल्या ८०८६ प्रोसेसरचा आकडाच स्वतःची खूण म्हणून ठेवलाय, कंपन्यांनाही हौस असते.) आता चार वायफाय ड्रायव्हरांपैकी आपला कोणता ते कळलं. आयडीची सुरुवात एसीपीआयनं होत असेल तर ते बहुधा लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं काहीतरी असतं, हॉटकीचं नाहीतर लॅपटॉप पडताना डिस्क वाचवणारं. तो ड्रायव्हर इंटेलकडे किंवा रियलटेककडे मिळत नाही, लॅपटॉप कंपनीच्याच पानावर मिळतो. लेनोव्होच्या आयडियापॅडवर व्हीपीसी२००४ दिसलं की ते बॅटरी आणि एफएनच्या कळांचं.

त्रिकोणाखालचा कोडही बोलका असतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. हा सगळ्यांत सोपा. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण यंत्र उठत नाही, बहुधा आवृत्ती चुकलेली. ४३ आला तर जरा दमानं घ्यावं. ड्रायव्हर काढून, लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून पुन्हा लावून बघावं. तरी ४३ च राहिला तर भागच गेलेला असण्याची शक्यता धरावी.

क्रमाबद्दल खूप ऐकू येतं: आधी चिपसेट, मग बाकीचं. सल्ला बरोबर आहे, कारण मात्र क्वचितच कोणी सांगतं. इंटेलचा 'चिपसेट ड्रायव्हर' म्हणून जो मिळतो तो बहुतांशी नावांची यादी असतो. अमक्या भागाला अमकं म्हण, एवढंच तो विंडोजला सांगतो. खरं काम सिरियल आयओ नावाच्या ड्रायव्हरचं असतं. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपांचा टचपॅड आयटूसी नावाच्या वाटेनं जोडलेला असतो आणि ती वाट सिरियल आयओ उघडतो. तो न टाकता टचपॅडचा ड्रायव्हर कितीदाही बसवा, डीपीवरून लाइन न ओढता विहिरीवर मोटर बसवल्यासारखंच ते. आवाजाचंही तसंच. रियलटेकचा ड्रायव्हर बसतो, स्पीकर वाजतो, पण माइक मुका राहतो. कारण आतले माइक इंटेलच्या स्मार्ट साउंडमार्गे जोडलेले असतात आणि तो ड्रायव्हर वेगळा असतो. ऑनलाइन मुलाखतीच्या आदल्या रात्री हे उमगलं तर फार पंचाईत होते. एएमडीच्या लॅपटॉपात ह्यातलं बरंचसं चिपसेटच्या एकाच गाठोड्यात येतं, तिथं डोकं कमी लावावं लागतं.

ह्याच इंटेल चिपसेट ड्रायव्हरची तारीख बघितली तर अनेकदा १८ जुलै १९६८ दिसते. ती इंटेलच्या स्थापनेची तारीख आहे. जास्त नेमका ड्रायव्हर आधीच असेल तर ह्या नावांच्या यादीनं त्याला हटवू नये, म्हणून मुद्दाम इतकी जुनी घातलेली. विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ असते. तारखा जुन्या दिसतात म्हणून 'अपडेट करा' म्हणणारी सॉफ्टवेअरं घाबरवतात आणि पैसे मागतात. त्यांना दारात उभं करू नये.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसताना पडदा दोन-तीनदा काळा होतो, काही सेकंद तसाच राहतो. त्या वेळी घाबरून बटण दाबू नये. आणि बायोस अपडेट ड्रायव्हरच्या यादीत अगदी वर, 'क्रिटिकल' असा लाल शिक्का घेऊन बसलेलं असतं. बॅटरी थकलेली असेल आणि लाइन केव्हाही जात असेल तर त्याला हात लावायचा नाही. मधेच लाइन गेली तर बोर्ड मरू शकतो. ज्याच्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही त्याला बायोस अपडेटची गरज बहुधा नसतेच.

तापमानाच्या ड्रायव्हरकडे पुण्या-मुंबईचा माणूस दुर्लक्ष करू शकतो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा नाही. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवावेत असं त्यांच्याच कागदावर लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर चढतो. इंटेलचा डायनॅमिक ट्यूनिंग ड्रायव्हर नसेल तर काही यंत्रांत पंखा सतत घोंघावतो, काहींत प्रोसेसर उगाच दबून चालतो आणि लॅपटॉप मंद वाटतो. लोक म्हणतात नवीन विंडोजच जड आहे. आधी मघाच्या त्या लांबलचक नावाचा त्रिकोण बघावा. तो नसेल तर मग खालची जाळी उघडून पंख्यात अडकलेली धूळ आणि कापसाचे तंतू काढावेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हापासून फॉरमॅटची कामं वाढलीच असणार. नागपूरच्या सीताबर्डीतून किंवा तालुक्यातून आणलेले जुने लॅटिट्यूड, एलिटबुक, थिंकपॅड हे कंपन्यांतून निघालेले असतात. सहाव्या-सातव्या पिढीचे असले तर विंडोज ११ त्यांना अधिकृतपणे चालत नाही, पण कोणी टाकलंच तर विंडोज १० चे ६४ बिट ड्रायव्हर त्यावर बहुधा मुकाट चालतात. ड्रायव्हरच्या बाबतीत माझी पसंती ह्या जुन्या यंत्रांनाच. हजारो लॅपटॉप सांभाळणाऱ्या ऑफिसांसाठी कंपनीनं त्यांचे सगळे ड्रायव्हर एका गठ्ठ्यात बांधून ठेवलेले असतात. एकदा उतरवला की त्या मॉडेलचे गावातले सगळे लॅपटॉप मार्गी लागतात. त्याच पैशात मिळणाऱ्या नव्या स्वस्त लॅपटॉपला असा गठ्ठा नसतो. लिनक्स टाकणाऱ्यांना तर ह्यातलं बरंचसं करावंच लागत नाही, बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतात. ब्रॉडकॉमचं जुनं वायफाय आणि एनव्हिडिया एवढीच काय ती नेहमीची डोकेदुखी.

जुन्या यंत्रांचं एक खास दुखणं मात्र आहे. आतला सीआर २०३२ चा बटण सेल संपलेला असतो आणि दर वेळी लाइन गेली की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. तारीख चुकली की कंपनीची सपोर्ट साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही, विंडोज अपडेट एररचे कोड दाखवतं, आणि माणूस नेटला शिव्या घालतो. फॉरमॅटनंतर पहिली नजर घड्याळाकडे टाकावी. सेल स्वस्तातला असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

सेवा केंद्राचा लॅपटॉप असेल तर लॅपटॉपचे सगळे ड्रायव्हर बसल्यावर काम अर्धं झालं असं धरावं. बाहेरची यंत्रं अजून बाकी असतात. जुना एचपी लेझरजेट १०२० आजही कुठं कुठं टिकून आहे. त्याच्या स्वतःच्या पोटात कायमचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, नसतं; प्रत्येक वेळी चालू केला की ड्रायव्हरच ते त्याच्यात भरतो. म्हणून त्याचा स्वतःचा पूर्ण ड्रायव्हर लागतो, 'जेनेरिक'वर भागत नाही. कोणत्याही प्रिंटरची केबल आधी लावू नये. सेटअप जेव्हा 'आता लावा' म्हणेल तेव्हाच लावावी. आधी लावली तर विंडोज त्याला भलतंच नाव देऊन बसतं.

अंगठ्याच्या मशीनला तर तीन थर असतात. मंत्राचं एमएफएस ११० असो की मॉर्फोचं एमएसओ १३०० ई३, आधी ड्रायव्हर, मग आरडी सर्व्हिस (मशीनवरचा ठसा केवायसीच्या पानापर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर), मग केबल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव नीट दिसतं आणि केवायसीच्या पानावर मात्र 'डिव्हाइस सापडलं नाही' येतं, कारण ते पान ड्रायव्हरशी बोलतच नाही. ते लॅपटॉपमधल्याच ११,१०० ते ११,१२० ह्या पोर्टांवर आरडी सर्व्हिस शोधत असतं. सर्व्हिसेसच्या यादीत ती 'रनिंग' आहे का बघावं, अँटिव्हायरसनं अडवलीय का बघावं. पहिल्यांदा तिला नेट लागतं, कंपनीच्या सर्व्हरकडे यंत्राची ओळख पटवून घ्यायला. घड्याळ चुकलेलं असेल तर ठसा उमटूनही नाकारला जातो. ड्रायव्हर फार जुना असेल तर विंडोज ११ ची मेमरी इंटेग्रिटी तो चढूच देत नाही. अशा वेळी ती सुरक्षा बंद करण्याऐवजी कंपनीचा ताजा ड्रायव्हर घ्यावा. आणि चाचणी रांगेतल्या पहिल्या माणसाच्या बोटावर करू नये. कापूस वेचून, निंदण करून झिजलेल्या बोटांचे ठसे चांगल्या मशीनवरही एका फटक्यात उमटत नाहीत. आधी केंद्र चालवणाऱ्यानं स्वतःचं बोट ठेवून बघावं. ते उमटलं, तर ड्रायव्हर ठीक आहे.